थोरली पाळण्यात बसते तेव्हा

वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावातून आलेल्या या पत्राखाली नाव नाही, 'एक आजी' एवढीच सही आहे. पत्र दोन पानांचे असल्यामुळे त्यातील मुख्य भाग तेवढा येथे देते.

"माझ्या थोरल्या सुनेला सातवा महिना सरत आला आहे. दवाखान्यात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. पहिले बाळंतपण तिच्या माहेरी झाले. या खेपेला तिच्या आईची तब्येत बरी नसल्यामुळे आमच्याकडेच करायचे ठरले आहे. नात चार वर्षांची आहे. गेल्या महिन्यात माळ्यावरचा पाळणा धुण्यासाठी खाली काढला, तर ती त्यात गुडघे पोटाशी घेऊन निजली आणि 'आजी, मला हलव' म्हणू लागली. मी म्हटले, 'आता तू मोठी झालीस, हा बाळाचा आहे.' तेव्हापासून ती रात्री अंथरूण ओले करते, आईला क्षणभर सोडत नाही आणि परवा तर आईच्या पोटावर बुक्की मारली. थोडे दिवस तिला विट्याला माझ्या मुलीकडे पाठवावे का? शिवाय सुनेचे आणि माझे आतापासूनच खटके उडतात. ती म्हणते, गुटी द्यायची नाही, शेगडी ठेवायची नाही. मी तीन लेकरे याच घरात वाढवली. घर तीन खोल्यांचे आहे. धाकट्या मुलाचे लग्न ठरले आहे आणि तुळशीचे लग्न झाल्याबरोबर ते उरकावे असे पाहुण्यांचे म्हणणे आहे. जो तो विचारतो, या वेळी मुलगा ना? खरे सांगायचे तर माझ्याही मनात ते आहे. हे सगळे नीट कसे पार पडेल?"

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपण बरेच प्रश्न विचारले आहेत. परंतु पत्र वाचून खाली ठेवल्यावर माझ्या डोळ्यांसमोर राहिली ती गुडघे पोटाशी घेऊन पाळण्यात निजलेली आपली नात. म्हणून सुरुवात तिच्यापासून करते आणि बाकीचे ओघाने घेते.

त्या दिवशी तिने आपल्याकडे पाळणा मागितला नव्हता. तो आपल्याला आता पुरत नाही, हे तिचे पाय पाळण्याबाहेर आले तेव्हाच तिला कळले असणार. तिला एवढेच पाहायचे होते की, मी या पाळण्यात होते हे घरातल्यांना आठवते का आणि आजही मागितला तर मला झोका मिळतो का. आपण जे उत्तर दिलेत ते कोणत्याही आजीच्या तोंडून सहज निघाले असते, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. मात्र 'मोठी झालीस' या दोन शब्दांचा चार वर्षांच्या मुलीला लागणारा अर्थ 'आता तुझे लाड संपले' असा असतो. मग ती लहान होऊन दाखवते. अंथरूण ओले करणे, बोबडे बोलणे, भरवून घेण्याचा हट्ट, आईचा पदर न सोडणे हे सारे त्यातलेच आहे आणि पाठचे भावंड येऊ घातलेल्या घरांत ते इतके सर्रास दिसते की त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. लघवी करताना जळजळ होत असेल, वारंवार जावे लागत असेल किंवा ताप असेल तर मात्र लघवीची तपासणी करून घ्या. तसे काही नसेल तर रात्री निजण्यापूर्वी तिला एकदा लघवीला नेऊन आणा, अंथरुणाखाली मेणकापड घाला आणि सकाळी त्याबद्दल चार माणसांत अवाक्षरही काढू नका. ओली गोधडी मागच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातली तरी ऊन तेवढेच मिळते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला ती पडत नाही.

आता विट्याला पाठवण्याविषयी. कृपा करून तिला एकटीला पाठवू नका. मी सातारा जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होते आणि पाड्या-वस्त्यांवर फिरून बाळंतिणींना सल्ले देणे हेच माझे काम होते. तरीही १९८९ साली माझ्या स्वतःच्या दुसऱ्या बाळंतपणात माझ्या तीन वर्षांच्या मुलाला मी आईकडे फलटणला पाच आठवडे ठेवले. दोन लेकरांचे एकदम कसे होणार, ही भीती होती. सव्वा महिन्यानंतर माझी आई त्याला घेऊन आली तेव्हा मी दारातच हात पसरून उभी होते. तो माझ्याजवळ आला नाही. सरळ पाळण्यापाशी गेला, दुपटे बाजूला सारून त्याने बहिणीकडे पाहिले, ते पुन्हा होते तसे नीट घातले आणि माझ्या आईचा हात धरून म्हणाला, "चल, आपण घरी जाऊ." तो पुन्हा मला पूर्वीसारखा बिलगू लागेपर्यंत दिवाळी आली. त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याला घराबाहेर काढले आणि त्याच्या जागी दुसरे कोणी आणून ठेवले, असेच घडले होते. म्हणून सांगते, धावपळ वाढली तरी चालेल, पण बाळ घरात येईल त्या वेळी थोरली घरात असू द्या. आपल्या मुलीनेच विट्याहून आठ-पंधरा दिवस आपल्याकडे येऊन राहावे. आत्या तर बारशाला यायचीच आहे, ती थोडी आधी येईल.

गल्लीतल्या माणसांनाही थोडे आवरावे लागेल. 'आता काय बाई, तुझी आई बाळाची झाली, तुला कोण विचारतंय' ही थट्टा आपल्याकडे हमखास होते, आणि करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. ज्या मुलीला नेमकी हीच भीती आहे, तिला मात्र त्यातली थट्टा कळत नाही. तिच्यासमोर कोणी असे बोलले तर आपण तेथल्या तेथे, हसतमुखाने पण स्पष्टपणे, "आमच्या घरी असं होत नाही" म्हणा आणि तिला जवळ ओढा. तिने आपल्या तोंडून हे ऐकणे मोलाचे आहे, कारण आजीचा शब्द घरात चालतो हे तिला चांगले ठाऊक असते.

तिला बाळाबद्दल खरे तेच सांगावे. 'तुझ्याशी खेळायला बाळ येणार' असे सांगितले की ती चेंडू घेऊन वाट पाहत बसते आणि प्रत्यक्षात येते ते दिवसभर झोपणारे, रडणारे, मान न धरणारे मूल. बाळाला आधी काहीच येत नाही, ते नुसते पिते, निजते आणि रडते, तुझेही असेच होते, असे सांगून तिच्या स्वतःच्या जन्माची गोष्ट तिला पुन्हा पुन्हा सांगावी. ती कोणत्या वारी झाली, पाऊस होता की ऊन, तिला पहिल्यांदा कोणी घेतले, बारशाला घुगऱ्या किती शिजवल्या, तिची कुंची कोणी शिवली हे सगळे सांगा. ती कुंची आणि एखादे झबले जपून ठेवलेले असेल तर ते बाळाच्या कपड्यांत घालण्याआधी तिच्या हातात द्या आणि 'हे बाळाला द्यायचे का तुझे म्हणून ठेवायचे' असे तिलाच विचारा. ती 'माझे' म्हणाली तर ते तिचे राहू द्या. नवे झबले गावच्या बाजारातही मिळते.

निजण्याची जागा बदलायची असेल तर ती आताच, या आठवड्यात बदला. ती आईच्या कुशीत निजत असेल आणि बाळ आल्या दिवशी तिला आपल्या अंथरुणात हलवले, तर त्याचे खापर ती बाळावरच फोडणार. एक रात्र आपल्याजवळ, एक रात्र आईजवळ, असे करत दीड महिन्यात ती हळूहळू रुळेल. पुढेही तिला आईजवळ निजायचे झाले तर आईच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला बाळ असू द्या; झोपेत तिचा हातपाय बाळावर पडू नये म्हणून दोघांना शेजारी शेजारी निजवू नका. अंगणवाडीची वेळही आहे तशी चालू ठेवा, कारण घरात एवढे सगळे बदलत असताना तेवढी एक गोष्ट तरी तिच्यासाठी जागच्या जागी राहील.

पोटावर बुक्की मारली म्हणून तिला मारू नका. तिचा हात धरा, "मारायचं नाही, आईला दुखतं" एवढेच ठामपणे सांगा आणि तो हात सोडण्याआधी तिला मांडीवर घ्या. बाळ आल्यानंतरही ती पापा घेता घेता चिमटा काढेल. म्हणून निदान सुरुवातीचे काही महिने दोघांना एकटे, कोणाच्या नजरेआड ठेवू नये.

ऑगस्टची तारीख वाचल्यावर मला पुराच्या पाण्याची काळजी वाटली, हेही सांगितले पाहिजे. कृष्णाकाठच्या माणसाला २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षे मी सांगण्याची आवश्यकता नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि काठावरच्या कित्येक गावांचे रस्ते त्याच्या आधीच बंद झाले होते. कोयनेतून विसर्ग वाढल्याच्या बातमीची वाट पाहत बसू नका. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूनबाईंना अशा ठिकाणी नेऊन ठेवावे जेथून दवाखान्यात जायला ओढा किंवा पूल आडवा येत नाही. विट्याचा उपयोग खरा येथे आहे, कारण तो भाग उंचावर आहे आणि तेथे घरचे माणूस आहे. फक्त जाताना नातीलाही सोबत न्या. मुलीने आपल्याकडे येऊन राहण्याचा बेत मग सगळी परत आल्यावरचा. ज्या दवाखान्यात नाव नोंदवले आहे तेथील डॉक्टरांना हा बेत आताच सांगावा, आतापर्यंतच्या तपासण्यांची सर्व कागदपत्रे, सोनोग्राफीचे अहवाल आणि माता-बाल संरक्षण कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे आणि विट्यातही एकदा तपासणी करून नाव घालून ठेवावे. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण करणार असाल तर २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, गरज पडल्यास सिझेरियन, औषधे, तपासण्या, तेथील जेवण आणि घरी सोडणारे वाहन हे सारे मोफत आहे.

बाळाला प्रथम घरात घेताना आपण उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकाल, पायांवर पाणी घालाल. त्या वेळी दोन गोष्टी आवर्जून करा. बाळ आत्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या हातात असू द्या, म्हणजे थोरली धावत येईल तेव्हा आईचे दोन्ही हात मोकळे असतील. तीन-चार दिवसांनंतर आई दिसल्यावर तिला पहिली मिठी मिळाली पाहिजे, बाळाची ओळख पाच मिनिटांनी झाली तरी चालते. आणि भाकरतुकडा ओवाळाल तो आई, बाळ आणि थोरली या तिघांवरून एकत्र ओवाळा. ती आईला चिकटून उंबरठ्यावर उभी राहील, तिच्या कपाळालाही कुंकू लागेल आणि आपण तिघांना घरात घेतले हे तिला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगेल तेव्हा 'कुर्रर्र' करायला तिलाही पुढे घ्या. बघायला येणाऱ्या पाहुण्यांपैकी जवळच्यांना आधीच सांगून ठेवा की दारातून 'बाळ कुठंय' म्हणत येण्यापेक्षा आधी थोरलीची विचारपूस करावी, तिलाच 'तुझं बाळ दाखव बघू' म्हणावे. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला बाहेरच्या खोलीतूनच चहा देऊन निरोप द्यावा, मग तो कितीही मानाचा असो.

तिला कामे सांगताना एक भान ठेवावे लागते. दुपटे आणून देणे, पाळण्याची दोरी हलकेच ओढणे, अंघोळीच्या वेळी टॉवेल धरणे हे तिला हवेहवेसे वाटेल तोवरच करू द्या. तिने 'नाही आणत' म्हटले तर 'अशी कशी ताई तू' म्हणू नका. चार वर्षांच्या मुलीला ताईपणाची नोकरी लागलेली नाही.

गुटी आणि शेगडी यांविषयी मी सूनबाईंच्या बाजूने आहे. हे आपल्याला थोडे लागेल, म्हणून कारणे सांगते. जन्मल्यानंतर पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि पहिले घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते थेंबभरही पिळून टाकू नये, कारण बाळाला पहिले संरक्षण त्यातून मिळते. तेथून सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यावयाचे नाही, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे अपवाद. गुटी उगाळताना सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू जातात, मात्रा कोणाला मोजता येत नाही आणि गुटीने पोट भरले की बाळ तेवढे दूध कमी पिते. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवूच नये. त्यात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. बंद खोलीत खाटेखाली ठेवलेल्या शेगडीतून विषारी वायू साठतो आणि धुरीच्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो. ऊब हवीच आहे, विशेषतः श्रावणातल्या झडीत. परंतु ती आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून, टोपडे-मोजे घालून आणि खोलीतला वारा अडवून अधिक चांगली मिळते. नाळेवर हळद, तेल, राख काही लावू नये, ती कोरडी ठेवावी. डोळ्यांत काजळ घालू नये. दृष्टीची तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा.

आपण तीन लेकरे याच घरात वाढवलीत हे खरेच आहे आणि त्या अनुभवातले पुष्कळ काही आजही तसेच्या तसे लागणार आहे. खोबरेल तेलाने हलक्या हाताने केलेली मालीश बाळाला मानवते, ती कशी करायची हे सूनबाईंना आपल्याकडूनच शिकावे लागेल. फक्त नाका-कानात तेल सोडू नका आणि टाळूवर दाब देऊ नका. बाळाचे कोणते रडणे भुकेचे आणि कोणते झोपेचे हे कानाने ओळखणे, दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, पहाटे बाळ मांडीवर घेऊन आईला दोन तास निजू देणे, हे करणारी सासू घरात असलेल्या बाळंतिणीला नशीबवानच म्हणावे लागेल. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, लसणीची चटणी हे सगळे करा. त्याच्या जोडीला डाळ, पालेभाजी, फळे, चालत असेल तर अंडी आणि तहान लागेल तेवढे पाणी द्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे हा समज सोडून द्यावा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या मध्येच बंद होतात म्हणून लक्ष ठेवा. वादाचा मुद्दा निघाला तर आशाताईंना मधे घ्या. दवाखान्यात बाळंतपण झाले की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या घरी येतात. त्यांच्यासमोर दोघींनी बसून विचारले की सासू हरली किंवा सून हरली असा प्रश्न राहत नाही. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा होऊ लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला किंवा झटका आला, तर त्यांचीही वाट न पाहता दवाखाना गाठावा. आईला जास्त रक्तस्राव, ताप किंवा डोके असह्य दुखणे यांपैकी काही झाले तरी तसेच करावे.

सूनबाईंच्या मनाकडेही लक्ष ठेवा. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते ओसरते. दोन आठवडे उलटूनही ती गप्प-गप्प राहिली, बाळाकडे पाहीनाशी झाली, बाळ निजल्यावरही तिला झोप लागेना, किंवा जगण्यात अर्थ नाही असे काही बोलू लागली, तर 'बाळंतवारा' म्हणून सोडून देऊ नका. हा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. डॉक्टरांना सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावरही दिवसरात्र मोफत बोलता येते.

एक गोष्ट मला पत्रात खटकली. दोन पानांत आपल्या मुलाचा, म्हणजे या बाळाच्या वडिलांचा उल्लेख एकदाच आहे आणि तोही दवाखान्यात जायला त्याची गाडी आहे, एवढ्यापुरता. तो साखर कारखान्यात आहे, हेही त्याच ओघात आले आहे. पावसाळ्यात गळीत हंगाम नसतो. थोरलीची सकाळची अंघोळ, वेणी, अंगणवाडीला सोडणे आणि रात्री निजवणे ही कामे आजपासूनच त्याने घ्यावीत. बाळाला पाजणे आईलाच करावे लागणार, तेव्हा त्या वेळात थोरलीजवळ बसणारे माणूस ठरलेले असले म्हणजे ती दारात ताटकळत उभी राहणार नाही. आपले गुडघे दुखतात असेही आपण लिहिले आहे. मग सगळा भार आपण दोघींनीच का उचलावा?

मुलगा की मुलगी, याबद्दल आपण प्रांजळपणे लिहिलेत म्हणून मीही स्पष्ट लिहिते. आपली नात चार वर्षांची आहे आणि तिला सगळे ऐकू येते. 'या वेळी तरी मुलगा होऊ दे' या वाक्यातला 'तरी' तिच्याविषयीचा असतो. सातारा जिल्ह्यात मी 'नकोशी' नावाच्या मुली हजेरीपटावर पाहिल्या आहेत. त्यांना लसीचे इंजेक्शन देताना ते नाव घेऊन हाक मारणे मला जमत नसे. ऑक्टोबर २०११ मध्ये त्या जिल्ह्यात २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली तेव्हा मुलींनी आपापली नवी नावे स्वतः निवडली होती. आपण नको आहोत, हे इतकी वर्षे आपल्याच नावातून ऐकत आलेल्या त्या मुली होत्या. आपल्या घरी असे काही नाही, हे मी जाणते. परंतु नकोसेपणा नावातच असावा लागतो असे नाही, तो बोलण्यातूनही पोहोचतो. जो विचारील त्याला "दोघीही सुखरूप सुटू देत" एवढेच उत्तर द्या. येणारे बाळ मुलगीही असू शकते, यासाठी नात त्या 'दोघी' शब्दावरूनही तयार होत जाईल. आणि मूल काय होणार हे वडिलांकडून येणाऱ्या बीजावर ठरते, सुनेच्या हातात त्यातले काही नाही, हेही गल्लीतल्या बायकांना सांगायला हरकत नाही. दुसरी मुलगी झालीच तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसऱ्या वेळी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात, आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर राज्याच्या 'लेक लाडकी' योजनेत जन्मापासून अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. त्यासाठी दुसऱ्या अपत्यानंतर आई किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केलेली असावी लागते. ती वडिलांची सोपी असते, हेही मुलाच्या कानावर घाला. अर्जाचे अंगणवाडी सेविका सांगतील. जन्माची नोंद मात्र मुलगा असो वा मुलगी, २१ दिवसांच्या आत करा.

लग्नाचे थोडक्यात सांगते. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास बाळ तीन महिन्यांचे असेल, चौदा आठवड्यांची लस नुकतीच झालेली किंवा व्हायची असेल आणि मांडव, पाहुणे, स्वयंपाक यांच्या गडबडीत सूनबाईंना घरची मोठी जाऊ म्हणून पदर खोचून उभे राहावेच लागेल. पाहुण्यांना विनंती करून तारीख माघात घ्या. तोपर्यंत बाळ सहा महिन्यांचे होईल, त्याला वरचे अन्न सुरू झालेले असेल आणि आईचीही ताकद भरून आलेली असेल. तीन खोल्यांत कोण कोठे निजणार हे धाकटी सून घरात येण्याआधीच ठरवून टाका, आणि ठरवताना थोरल्या सूनबाईंना विचारा.

राहता राहिला पाळणा. विट्याला जाईपर्यंत अजून तीन-चार आठवडे आहेत. माळ्यावर परत ठेवू नका. आढ्याचे कडे आणि दोरी मुलाकडून तपासून घ्या, दोरी जुनी झाली असेल तर नवी आणा, आणि पाळणा जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधा. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की नातीला त्यात बसवा आणि आपण तिच्या वडिलांसाठी किंवा तिच्यासाठी म्हणत होता तोच पाळणा म्हणत दहा झोके द्या. पहिले काही दिवस ती बाराव्याची, पंधराव्याची मागणी करील, ते द्या. बाळ त्यात निजू लागल्यावरही ती कधी मागेल. तेव्हा बाळ आईजवळ असेल अशी वेळ पाहून तिला आत घ्या. पाय बाहेर लोंबू द्या.